कॅनव्हास, बक्रम की फ्युजिंग? नव्याने शिवणकाम शिकणाऱ्यांसाठी

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पंधरा दिवस आमच्या खानदेशात शिवणयंत्राला उसंत नसते. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार आणि प्रत्येकीला नवा ब्लाऊज त्याच्या आत हवा असतो. मी शिवण शिकायला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा अशाच एका वैशाखात मावसबहिणीसाठी टू बाय टू रुबियाचा ब्लाऊज शिवला. गळा छान बसावा म्हणून दुकानातलं सगळ्यात कडक फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा थर, आणून आत चिकटवलं. दिसायला गळा सुरेख झाला. भुसावळच्या उन्हात तिने तो दिवसभर घातला आणि संध्याकाळी मानेभोवती उठलेले लाल वळ दाखवले. दोन धुण्यांनंतर त्याच गळ्यावर बुडबुडे आले. मावशीने ब्लाऊज हातात घेऊन गळा वाकवून बघितला आणि विचारलं, "इतलं कडक कसाले व माय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारते. कापड कोणतं, ते कोण घालणार, कुठल्या हवेत घालणार, धुणार कसं, एवढं कळलं की आत काय लावायचं ते बहुतेक ठरून जातं. लावायची पद्धत मात्र हाताने शिकावी लागते, म्हणून ती पुढे सविस्तर लिहिली आहे.

हा मधला थर करतो काय

व्हिडिओत ज्याला इंटरफेसिंग म्हणतात तो बाहेरचं कापड आणि आतली पट्टी यांच्या मध्ये लपणारा थर. अस्तर वेगळं. अस्तर अंगाला लागतं, झिरझिरीत कापडाला आडोसा देतं. मधला थर आकार धरून ठेवतो. शर्टाची कॉलर मान टाकत नाही, काज ताणून फाटत नाही, चेन लावलेली जागा लाटेसारखी होत नाही, खोल गळा लोंबत नाही, पिशवीचं तोंड आत मिटत नाही, हे सगळं त्याच्या जोरावर.

म्हणून तो सगळीकडे लावायचा नसतो. जिथे ताण येतो, जिथे कापड कापून छिद्र पाडलं आहे किंवा जिथे कड उभी राहायला हवी, तिथेच लावायचा. काही नवशिक्या मुली पुढचा अख्खा भाग चिकटवून टाकतात. मग ब्लाऊज अंगाला बसतच नाही, कारण कापडाची लवचीकताच गेलेली असते.

दुकानात काय मागायचं

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर टेलरिंग मटेरियलच्या दुकानात "इंटरफेसिंग द्या" म्हटलं तर बरेचदा समोरून प्रश्नच येईल. तिथे नावं वेगळी आहेत, आणि एकच नाव दोन दुकानांत दोन वस्तूंना वापरतात. गळ्याला लावायच्या कुठल्याही थराला बायका कॅनव्हास म्हणतात, मग ते विणलेलं असो की कागदासारखं. बक्रम म्हणजे मुळात विरळ विणीचं, भरपूर खळ देऊन कडक केलेलं सुती कापड. पण पँटच्या कमरपट्ट्यात घालायची कडक पट्टीही बक्रमच. इस्त्रीने चिकटणाऱ्या सगळ्याला फ्युजिंग किंवा पेस्टिंग. त्यातलं कागदासारखं ते पेपर फ्युजिंग, आणि गोंदाचे अगदी बारीक ठिपके असलेलं मऊ ते मायक्रोडॉट.

नावात अडकू नका. हातात घेऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, ते विणलेलं आहे की नाही. उजेडासमोर धरा. उभे-आडवे धागे दिसले तर विणलेलं. धागे नसून तंतू नुसते एकमेकांत दाबल्यासारखे दिसले तर न विणलेलं. न विणलेल्या प्रकाराला कपड्यांच्या धंद्यात मोठं स्थान मिळालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीने १९४८ साली 'फ्लिझेलिन' नावाने ते बाजारात आणलं. त्याच्या कडेचे दोरे निघत नाहीत, ते कसंही कापता येतं आणि स्वस्त पडतं. पण कापडासारखं ते लोंबत नाही, आणि रोज घासून-आपटून धुतलं की आतल्या आत तुटतं. विणलेलं थोडं महाग पडतं, पण बाहेरच्या कापडाबरोबर वळतं, वाकतं आणि धुतलं जातं. रोजच्या कपड्यांना मी विणलेलंच वापरते. तिसरा प्रकार होजिअरीसारखा, गुंफलेला. तो आडवा ताणला की ताणतो. टी-शर्ट, लेगिंग, ताणणारी कुर्ती यांना तोच हवा, नाहीतर शिलाई तटकन तुटते.

दुसरी गोष्ट, ते चिकटणारं आहे की शिवून लावायचं. एका बाजूवरून बोट फिरवा. बारीक वाळूसारखं खरखरीत लागलं किंवा तिरक्या उजेडात ठिपके चमकले तर त्या बाजूला गोंद आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ते शिवून लावायचं.

तिसरी गोष्ट, वजन. न विणलेल्या फ्युजिंगचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर सांगतात, दुकानदार त्याला जीएसएम म्हणतो. ढोबळ मानाने २५-३० हलकं, ४०-५० मध्यम, ६० च्या वर जाड समजा. विणलेल्याला हा आकडा तसाच लावू नका, तिथे हातच खरा.

विकत घेताना पन्हा (रुंदी) विचारा. फ्युजिंगचा पन्हा कापडाच्या पन्ह्याएवढा असेलच असं नाही, आणि गळ्याचा तुकडा पन्ह्यात किती वेळा बसतो त्यावर पाव मीटर पुरेल की अर्धा ते ठरतं. दुकानदार घडी घालून देतो. ती घडी तशीच ठेवू नका, घरी आल्या आल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. घडीच्या रेषेवर गोंद तडकतो आणि तिथेच नंतर चिकटत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून शिवणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. त्यात पेलॉन कंपनीचे आकडे सतत येतात आणि ते ऐकून मुली घाबरतात. एसएफ १०१ म्हणजे चिकटणारं, विणलेलं, हलकं सुती फ्युजिंग. युरोपातल्या व्हिडिओत साधारण त्याच कामासाठी फ्लिझेलिनचं जी ७०० सांगतात. आपल्या दुकानात "विणलेलं सुती फ्युजिंग, हलकं" मागितलं की त्याच्या जवळचं मिळतं. ८०९ म्हणजे न विणलेलं, चिकटणारं आणि बऱ्यापैकी कडक. ९८७ एफ आणि फ्लिझेलिनचं एच ६४० म्हणजे एका बाजूने चिकटणारा, फुललेला लोकरीसारखा थर. तो मिळाला नाही तर पातळ पॉलिस्टर वॅडिंग (कापसासारखं भरण) धावदोऱ्याने जोडून भागतं. ७१ एफ म्हणजे टोपलीसारखी उभी राहणारी वस्तू करायचा जाड, ताठ थर. आकड्यामागचा स्वभाव ओळखला की वस्तू आपल्या गावातही सापडते.

आधी कापड, मग आतलं

निवडायची माझी रीत अशी. बाहेरचं कापड मुठीवर पसरा आणि ते कसं पडतं ते बघा. मग त्याच्याखाली निवडलेला थर धरून दोन्ही एकत्र पसरा. कापडाचं पडणं थोडं भरीव झालं तर जोडी जमली. मुठीवर तंबूसारखं उभं राहिलं तर थर जड आहे. थर कापडापेक्षा हलका किंवा फार तर त्याच्याच वजनाचा असावा, हा नियम नव्याने शिकणाऱ्यांनी मोडूच नये.

चिकटणाऱ्या प्रकारात एक फसगत असते. गोंद वितळून कापडात मुरला की जोडी हाताला लागत होती त्यापेक्षा कडक होते. म्हणून दुकानात बरोबर वाटलं तर एक पायरी हलकं घ्या. मावसबहिणीच्या ब्लाऊजमध्ये माझं हेच चुकलं होतं.

मग धुणं विचारात घ्या. वाड्यात, नदीवर दगडावर आपटून धुतली जाणारी कपडे असतील तर न विणलेलं फ्युजिंग फार दिवस टिकत नाही. शाळेच्या गणवेशाची कॉलर, रोजचा सुती ब्लाऊज, शेतात जाणाऱ्याचा शर्ट यांना विणलेलं सुती लावा, आणि जमलं तर चिकटवून वर कडेने शिलाईही मारा. ड्रायक्लीनला जाणाऱ्या कपड्याचा प्रश्न वेगळा, कारण प्रत्येक गोंद ड्रायक्लीनच्या रसायनात टिकत नाही. भारी साडीच्या ब्लाऊजला म्हणूनच मी शिवून लावायचा थर पसंत करते.

नंतर हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. न विणलेलं फ्युजिंग बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं, त्यावर गोंदाचा थर, आणि ते नेमकं मानेला चिकटून बसतं. घाम मुरायला जागाच राहत नाही. आमच्या भागात उन्हाळी ब्लाऊज, कुर्ती, लहान मुलांचे कपडे यांना सुती थर लावा आणि तोही अरुंद ठेवा. धुतलेला मांजरपाट यासाठी उत्तम. स्वस्त असतो, हवा खेळते, आणि धाग्याला धागा जुळवून शिवला की वर्षानुवर्षं टिकतो. फ्युजिंग हाताशी असताना मांजरपाट कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

काही कापडांना इस्त्रीचा गोंद लावूच नये. मखमलीची लव दबते. टिकल्या आणि आरसे लावलेलं कापड उष्णता सोसत नाही. प्लास्टिकची जर आकसते. चुण्यांचं क्रेप सपाट होऊन बसतं. झिरझिरीत जॉर्जेट, शिफॉनमधून गोंद वर उमटतो आणि बाहेरून ठिपके दिसतात. अशा कापडांना त्याच कापडाचा दुसरा थर किंवा ऑर्गन्झा आत शिवून लावा. पैठणीच्या ब्लाऊजला मी ऑर्गन्झा किंवा मऊ सुती अस्तराचं कापडच वापरते. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग उठतो.

रंगही बघा. काळ्या पातळ कापडाखाली पांढरं फ्युजिंग राखाडी झाक मारतं, तिथे काळं मागा. पांढऱ्या मलमलीखाली पांढरा पट्टा उलट जास्त उठून दिसतो. तिथे मलमलच दुहेरी करा.

लावण्याआधीची दोन कामं

नवं सुती कापड खळीचं असतं. खळ असेपर्यंत गोंद कापडापर्यंत पोचत नाही, नुसता खळीला चिकटतो आणि पहिल्या धुण्यात सुटतो. म्हणून कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कपडे मऊ करायचं द्रावण या धुण्यात घालू नका, त्यानेही चिकटण्यात अडथळा येतो. रेयॉन आणि सुती कापड आटतं ते याच धुण्यात आटू द्या. नंतर आटलं तर कापड लहान आणि फ्युजिंग मोठं, आणि त्यातूनच बुडबुडे येतात.

विणलेलं फ्युजिंगही आटतं. बादलीत कोमट पाणी घ्या, फ्युजिंग न चुरगळता बुडवा, पाणी गार होईपर्यंत राहू द्या. मग न पिळता काढून दांडीवर सावलीत वाळवा. इस्त्री अर्थातच करायची नाही. न विणलेल्याला हे सहसा लागत नाही. शिवून लावायचा मांजरपाट मात्र गरम पाण्यात धुऊन कडक इस्त्री करूनच वापरा, तो बऱ्यापैकी आटतो.

दुसरं काम नमुन्याचं. उरलेल्या कापडाचा चार इंच चौकोन कापा, अर्ध्या भागावर फ्युजिंग चिकटवा, गार होऊ द्या. मग चुरगळा, कोपरा ओढून बघा, साबण लावून धुवा, वाळवून परत बघा. माझ्या वहीत असे नमुने टाचलेले आहेत. शेजारी कापड, दुकान, इस्त्रीची खूण आणि किती सेकंद दाबलं ते लिहिलेलं आहे. त्या वहीमुळे दर वेळी नव्याने अंदाज बांधावा लागत नाही.

चिकटवायची पद्धत

इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रोजची इस्त्री करायची हाताला सवय असते, म्हणून हात आपोआप सरकतो. सरकला की वितळलेला गोंद आणि कापड दोन्ही ताणले जातात, आणि पुढे सुरकुती कायमची.

जागा घट्ट हवी. गादीवर किंवा पलंगावर दाब मिळत नाही. लाकडी टेबलावर किंवा जमिनीवर एक पातळ चादर दोनदा दुमडून पसरा, बस. कापड उलटं ठेवा आणि धागे सरळ करून इस्त्रीने तापवून घ्या. त्यावर फ्युजिंग, गोंदाची बाजू खाली. ही खात्री दर वेळी करा. गोंद वर राहिला तर तो थेट इस्त्रीला लागतो. फ्युजिंगवर मलमलीचा ओलसर तुकडा ठेवा, पाणी गळणार नाही इतकाच ओला. वाफेने गोंद नीट वितळतो. रेशमाला हा तुकडा कोरडाच ठेवा.

इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे फार तर ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. कपड्यांच्या लेबलवरच्या खुणा हेच सांगतात. सुती कापडाला दोन ते तीन ठिपक्यांच्या मधे सुरुवात करा, पॉलिस्टर मिसळलेल्याला दोनच्या वर जाऊ नका. इस्त्री मधोमध ठेवून अंगाचा भार देऊन १० ते १५ सेकंद दाबा. मग उचला, अर्ध्या इस्त्रीएवढी पुढे सरकवून परत ठेवा. आधीच्या जागेवर थोडी चढली पाहिजे, म्हणजे मधे न चिकटलेली पट्टी उरत नाही. मधून सुरुवात करून कडेकडे जा. शेवटी उलटवून सुलट बाजूने कापड ठेवून एकदा हलकं दाबा.

आमच्याकडे खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो. इस्त्री तापली असं वाटतं, पण पुरती तापलेली नसते, आणि चिकटलंय असं दिसलं तरी ते वरवरचंच असतं. इस्त्रीचा दिवा एकदा विझेपर्यंत थांबा. दाब फारच कमी असेल तर हे काम सकाळवर ढकला.

मग ते तिथेच गार होऊ द्या. गरम असताना उचललं, घडी घातली की गोंद त्या वळणावरच घट्ट होतो. पाच मिनिटं हात लावू नका. गार झाल्यावर एक कोपरा नखाने सोडवून बघा. सहज निघाला तर आणखी थोडा वेळ किंवा थोडी जास्त उष्णता लागेल.

गळा, कॉलर, चेन, पिशवी

ब्लाऊजच्या गळ्याचं सांगते, कारण शंभरातल्या नव्वद मुली त्यासाठीच येतात. कॅनव्हास ब्लाऊजच्या कापडावर चिकटवू नका, आतल्या पट्टीच्या कापडावर चिकटवा. म्हणजे बाहेरचं कापड आपल्या मर्जीने पडतं आणि कड तेवढी ताठ राहते. गळ्याचा आकार कॅनव्हासवर उतरवा, बाहेरून सव्वा ते दीड इंच रुंदी ठेवा. कॅनव्हासची उभी धाग्याची दिशा आणि पट्टीची उभी दिशा एकच असू द्या. चिकटवून गार झाल्यावर पट्टी ब्लाऊजवर सुलटेला सुलट ठेवून शिलाई मारा, आतली माया (शिलाईबाहेर उरलेलं कापड) पाव इंच ठेवून कापा, गोलाईवर छोटे कट मारा आणि उलटवा. उलटवल्यावर शिलाई किंचित आत ओढून इस्त्री करा, म्हणजे पट्टी बाहेर डोकावत नाही. पट्टीची खालची कड झिगझॅग किंवा हेमिंग करून घ्या. तिथे सरळ तुटलेली कड राहिली तर तिची रेघ बाहेरून दिसते.

चौकोनी किंवा पानाच्या गळ्याच्या कोपऱ्याला कट अगदी शिलाईपर्यंत न्यावा लागतो, आणि ती जागा पहिल्यांदा उसवते. शिवण्याआधी त्या कोपऱ्यावर फ्युजिंगचा एक इंचाचा छोटा तुकडा जास्तीचा चिकटवा आणि तिथे टाके बारीक घ्या.

शर्टाच्या कॉलरला थर वरच्या, दिसणाऱ्या भागाला लावतात. खालच्या भागाला लावला तर आतल्या मायेचा उंचवटा वर उमटतो. जाड कॅनव्हास असेल तर कडेची माया कॅनव्हासमधून कापून टाका आणि टोकाचा कोपराही छाटा, म्हणजे टोक टोकदार निघतं. कॉलरच्या उभ्या पट्टीला किंचित कडक चालतं. काजपट्टीला हलकं पुरे, पण लावाच. फ्युजिंगशिवाय पाडलेलं काज चार महिन्यांत तोंड वासतं. बायकांच्या कुर्तीला मऊ वळणारी कॉलर हवी असेल तर विणलेला कॅनव्हास उरेब, म्हणजे तिरका, कापा.

चेनची जागा, खिशाचं तोंड, बाजूचा कट यांना पाऊण ते एक इंच रुंद हलकी पट्टी चिकटवली की झालं. उरलेली कात्रणं इथेच संपतात.

पिशवीला दोन गोष्टी लागतात: अंग धरायला काहीतरी आणि फुगवटा द्यायला काहीतरी. अंगासाठी मध्यम विणलेलं फ्युजिंग, फुगवट्यासाठी वॅडिंग किंवा बॅगवाल्यांकडे मिळणारा पातळ फोम. फोम आणि जाड थर शिलाईच्या मायेत येऊ देऊ नका, शिलाईच्या रेषेपर्यंतच कापा. नाहीतर चार थर सुईखाली येतात आणि घरगुती मशीन अडकतं. सुई १६ नंबरची घ्या. चुंबकाचं बटण किंवा कडी लावायची असेल तिथे मागून जाड तुकडा लावा. बाजाराच्या, भाजीच्या पिशवीला फोम नकोच. ती दर आठवड्याला धुवायची असते आणि फोम लवकर वाळत नाही.

चुकलं तर

बुडबुडे आले तर आधी परत ओलसर कापड ठेवून दाबा. न चिकटल्यामुळे आले असतील तर जातील. आटल्यामुळे आले असतील तर जाणार नाहीत, मग काढावंच लागेल. काढताना इस्त्रीने तापवा आणि गरम असतानाच हळूहळू सोलत जा. गार झाल्यावर ओढलं तर कापडाचा धागा ओढला जातो. मागे राहिलेला गोंद जात नाही, पण त्यावरच नवा तुकडा चिकटवता येतो.

इस्त्रीला गोंद लागला तर गरम असताना जुन्या सुती फडक्यावर घासा. साध्या लोखंडी तळाच्या इस्त्रीला कागदावर जाडं मीठ पसरून त्यावर फिरवली तरी चालतं. न चिकटणाऱ्या थराच्या इस्त्रीला मात्र मीठ लावू नका, ओरखडे पडतात.

गोधडी आणि जोडकाम

आमच्या आईच्या गोधडीत चिकटवलेला एकही थर नव्हता. जुनी सुती लुगडी, धोतरं, त्यांचे थर आणि वर धावदोरा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड एकमेकांना धरून बसतं, त्याला आधार लागतच नाही. अशी गोधडी शिवत असाल तर फ्युजिंग अजिबात आणू नका. हातसुई त्यातून जाताना बोट दुखतं आणि गोधडीचा मऊपणा जातो. मधे घालायचा कापूस किंवा वॅडिंग हे ऊब देणारं भरण असतं, त्याचा इंटरफेसिंगशी संबंध नाही. व्हिडिओत हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात म्हणून घोटाळा होतो.

पण काही तुकडे आधाराशिवाय जोडले जात नाहीत. घसरणारं रेशीम, विरलेली जुनी साडी, ताणणारी होजिअरी. रेशमी तुकड्यांच्या मागे सगळ्यात हलकं विणलेलं फ्युजिंग लावा, आधी एका तुकड्यावर बघून. साडीवर जर असेल तर इस्त्री कमी ठेवा आणि मधे कापड घाला.

कापडावर कापडाची चित्रं लावायची असतील, जसं श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) मागच्या पडद्यावर वेल किंवा कलश, तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी गोंदाची जाळी मिळते. तिच्या एका बाजूला कागद असतो. चित्र कागदावर उलटं काढायचं, कारण लावल्यावर ते आरशासारखं फिरतं. अक्षरं लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. जाळी कापडाच्या उलट बाजूला चिकटवा, गार झाल्यावर आकार कापा, कागद सोला, पडद्यावर ठेवून दाबा आणि कडेने झिगझॅग किंवा हाताचे टाके घाला. गोंदाच्या भरवशावर कड सोडू नका.

हल्ली मुलगा पुण्याला शिकायला गेला की त्याचे लहानपणीचे टी-शर्ट जपून ठेवणाऱ्या आया माझ्याकडे गोधडी शिवायला शिकतात. त्यात आधाराचा थर लागतोच, कारण होजिअरीचा चौकोन कापताना सरळ असतो आणि शिवताना ताणून वाकडा होतो. टी-शर्ट धुऊन घ्या. पाठ-पोट वेगळं करा, पण चौकोन अजून कापू नका. चित्राभोवती दोन-दोन इंच जास्त ठेवून ढोबळ कापा. मागून हलकं फ्युजिंग लावा. गुंफलेलं घेतलं तर त्याची न ताणणारी दिशा टी-शर्टच्या ताणणाऱ्या दिशेवर आली पाहिजे. छापलेलं चित्र खाली बटर पेपरवर ठेवा, इस्त्री कायम मागूनच. चित्रावर थेट इस्त्री ठेवली तर रबरी रंग वितळून चिकटतो आणि त्या शर्टाची आठवणच पुसली जाते.

गार झाल्यावर पुठ्ठ्याचा १२ इंची चौकोन ठेवून, चित्र मधोमध घेऊन कापा. जोडताना माया अर्धा इंच धरा, कारण पाव इंचात होजिअरी सुईखालून निसटते. शिलाया उघडून दाबा. मागे धुतलेलं सुती कापड आणि मधे पातळ भरण घाला. हाताने धावदोरा घालायचा असेल तर टी-शर्टच्या छपाईतून सुई ओढू नका, प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर जाड सुती दोऱ्याने गाठी मारा. वीस चौकोनांच्या गोधडीला गाठी मारायला एक दुपार पुरते. त्यासाठी बसताना शेजारीण असेल तर बरं, कारण गोधडी उलटवायला दोन माणसं लागतात.